नैरोबीच्या नावानं वाजलेली लोणावळ्याची तबकडी

मी एक तबकडी बोलतेय. सात इंचांची, काळी, मधोमध भोक. एका अंगाला एक गाणं, दुसऱ्या अंगाला दुसरं, संपला कारभार. पन्नास वर्षं लोकांनी मला एक तर गायला लावलं, नाहीतर गप्प बसवलं. तुझं स्वतःचं काही म्हणणं आहे का, असं एकानंही विचारलं नाही. म्हणून आज न विचारता बोलते. आधीच सांगून ठेवते, माझी जीभ तिखट आहे, आणि या वयात ती गोड करायची माझी तयारी नाही.

माझा जन्म त्र्याहत्तर सालचा. मुंबईकडच्या एका कारखान्यात काळ्या लगद्याचा गरम गोळा दोन साच्यांत दाबला आणि मी झाले. नावं छापलेला गोल कागदही त्याच दाबात अंगात बसतो, त्याला डिंक लागत नाही. माझ्यासारख्या शंभर जणी निघाल्या. शंभरच! हा आकडा ऐकून हल्लीचे शौकीन डोळे मिटून घेतात आणि 'किती रेअर, किती रेअर' करतात. अहो, कसलं रेअर? डेरेक मास्तरच्या खिशात तेवढेच पैसे होते.

डेरेक मास्तर लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचा. रेल्वेत गार्ड, घरी इंग्रजी बोलणारा, पेटीपासून गिटारपर्यंत सगळं वाजवणारा. त्याचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. तो अमेरिकेतून छोट्या तबकड्या आणायचा. सोल म्हणतात त्या गाण्याला. तीन काळ्या मुली, एक पुढे होऊन गाणार, दोघी मागून तिला जबाब देणार, आणि खाली टाळ्यांचा ठेका. मास्तर ती गाणी ऐकताना जेवायचं विसरायचा.

त्या मुली कोण, कुठल्या, हे मास्तरलाही ठाऊक नव्हतं. असतील एखाद्या गल्लीतल्या तिघी, रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या. एक तबकडी काढायच्या. ती चालली नाही की एक जाणार टेलिफोन ऑफिसात, दुसरी इस्पितळात फरशी पुसायला, तिसरी लग्न करून कुठेतरी लांब. कंपनीवाला पुढच्या तिघी शोधायला मोकळा. आणि आज त्याच तबकड्यांसाठी जगभरचे म्हातारे एकमेकांच्या उरावर बसतात. पण त्या मुली जिवंत आहेत का, जेवल्या का, हे विचारायला कुणाला फुरसत नाही. थू तुमच्या शौकावर!

मास्तरनं लोणावळ्यातल्या तिघी जमवल्या. केरबा ओव्हाळच्या दोन मुली, थोरली रेणुका आणि धाकटी शकू. केरबा बँकर इंजिनावर खलाशी होता. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून रेटणारं जादा इंजिन. तिसरी शेजारच्या क्वार्टरमधली ज्योत्स्ना. तिघींचे बाप रेल्वेत, म्हणून मास्तरनं नाव ठेवलं 'द सिग्नलेट्स'. ते ऐकून क्वार्टरमधले लोक फिदीफिदी हसले. ज्यांना एक ओळ सुरात म्हणता येत नाही ते नेहमी आधी हसतात.

गाणं मराठीच होतं. शब्द रेणुकाचे, चाल मास्तरची, आणि हेल पक्का मावळातला.

उतरणीला सोडू नको हात, रं गड्या,
चढणीला न्हाई मी मागायची साथ.

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबाच्या हॉलमध्ये, खिडक्यांना गोधड्या बांधून, मास्तरनं एका दुपारी ते टेपवर घेतलं. एकाच दमात. टेप संपत आली होती, पुन्हा घ्यायची सोय नव्हती. रेणुका तेव्हा वीस वर्षांची होती. आवाज कसा, ते मी सांगत नाही. सांगून कळण्यातला तो नव्हता.

तबकड्या आल्या तेव्हा शकू पवनेकडे, मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. मास्तरनं इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्यांना बोलावून एक तबकडी वाजवली. शकू परत आली तोवर बाकीच्या वाटून, विकून संपल्या होत्या आणि मी केरबाच्या घरी पोचले होते. त्या घरात मला वाजवायचं यंत्र नव्हतं. मग केरबानं काय केलं माहीत आहे? माझ्या मधलं भोक बघितलं, त्याला वाटलं हे टांगायलाच ठेवलंय, आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी खिळा ठोकून मला लटकवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या पोरींची रेकॉर्ड हाय." पाहुणे मान वर करून बघायचे, 'वा वा' म्हणायचे, चहा प्यायचे. मास्तरचं घर पन्नास पावलांवर, तिथं यंत्र होतं. पण उठून वाजवून बघू म्हणाला का कुणी? नाव नको!

शकू तेवढी म्हणायची, "आबा, एकदा काढून द्या की, मास्तरांकडं ऐकून आनती."

"झिजती ती," केरबा म्हणायचा. "बघायची चीज हाय."

आणि मग रेणुकानं खंडाळ्याच्या एका हॉटेलात गायला सुरुवात केली. शनिवारी संध्याकाळी, बंगलेवाल्या पाहुण्यांसमोर. केरबाला कळलं तेव्हा घरात जे झालं ते मी खिळ्यावरून बघितलं.

"आपल्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या पंगतीम्होरं लय गायलं, लय वाजवलं," केरबा म्हणाला. "ते सगळं टाकून आपण मानसात आलो. आता माज्या घरातलं कुणी तितं उभं ऱ्हानार न्हाई."

"आबा, त्यांना शिळं तुकडं मिळायचं," रेणुका म्हणाली. "त्यांना बोलवायचं, आन गपगुमान जावं लागायचं. मी ठरवून जाती. पगार घिऊन गाती. न्हाई म्हनायचं तर न्हाई म्हनती."

दोघंही खरं बोलत होते. म्हणून तर ते भांडण मिटलं नाही. रेणुका हॉटेलच्या बँडबरोबर मुंबईला गेली. दुसऱ्या दिवशी केरबानं मला खिळ्यावरून काढलं आणि जुन्या वह्यापुस्तकांबरोबर रद्दीवाल्याच्या पोत्यात टाकलं. रागानं फोडली असती तरी मी समजून घेतलं असतं. किलोवर घातली, त्याचा राग अजून आहे.

पुढचं मला फार वर्षांनी शकूच्याच तोंडून कळलं. दोन वर्षांत मुंबईहून पत्र आलं, रेणुका विषमज्वरानं गेली. केरबा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं शकूला जवळ बोलावलं, तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली, तिचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. बिचारा! दुःख झेपेना, तर ते पोरीच्या तोंडात कोंबून मोकळा झाला. शकूनं शब्द दिला. वेडीनं तो पाळलासुद्धा. तेव्हापासून ती म्हणते, 'आमची थोरली'. बस. केरबा जाऊन तीस वर्षं झाली, तरी 'थोरली'. मी कुणाला शब्द दिलेला नाही, म्हणून मी नाव घेते.

शकू लग्न होऊन घोरावाडीच्या भालेरावांकडे आली. एकदा सासूला म्हणाली, "आमी रेकॉर्ड काढलीती." सासू म्हणाली, "व्हय का? मग इमान बी उडवलं असंल." घर हसलं. पुन्हा तिनं विषय काढला नाही. रोज लोकलनं लोणावळ्याला जायची, एका चिक्कीच्या कारखान्यात खोक्यांवर लेबलं लावायची. तीस वर्षं. शकूची शकुबाई झाली. नात झाली, सारिका. तिची वेणी घालताना मात्र ती माझंच गाणं गुणगुणायची.

माझं काय विचारता? रद्दीच्या दुकानात एका पेटीच्या तळाशी पडले. पुढे एका शिंप्याच्या टेबलावर चहाच्या ग्लासाखाली गेली कितीतरी वर्षं. त्याचा गोल डाग माझ्या दुसऱ्या अंगावर अजून आहे. तो शिंपी बरा होता म्हणायचा, त्यानं मला निदान उपयोगाची वस्तू मानलं. तिथून पुण्याच्या जुन्या बाजारात, आणि तिथून अमृतच्या हातात.

अमृत म्हणजे खंडाळ्याच्या कड्यावरच्या बंगल्यात कॉफीचं दुकान चालवणारा. दुकान म्हटलेलं त्याला आवडत नाही. 'श्रवणगृह' म्हणायचं. चपला बाहेर काढायच्या. गाणं चालू असताना बोलायचं नाही. मोबाईल दारातल्या वेताच्या टोपलीत ठेवायचे, गाणं संपलं की परत घ्यायचे. देवळात घंटा वाजवून पळणारी माणसं इथं मांडी घालून, डोळे मिटून, हनुवटी हलवत बसतात. मध्येच एक डोळा उघडून बघतात, आपल्याला कुणी बघतंय की नाही.

अमृत मला हातमोजे घालून धरायचा. आणि गुण लावायचा! मुलगी बघायला आल्यासारखा उजेडात तिरकी धरून, ओरखडे मोजून, 'व्हेरी गुड प्लस'. गाणं चांगलं आहे का, याला गुण नाहीत. या लोकांत सगळ्यात मोठा मान कुणाला, माहीत आहे? जी कधी वाजलीच नाही तिला. धन्य आहे. त्यानं माझ्या गाण्याची नक्कलसुद्धा काढून ठेवली नव्हती. नक्कल निघाली की म्हणे दुर्मीळपणा जातो.

पण खरा पराक्रम पुढेच आहे. या शौकिनांत एक रीत आहे. हाती अशी तबकडी लागली की जी दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, तर तिच्या नावावर कागद चिकटवायचा आणि खोटं नाव लिहायचं. म्हणजे दुसरा शौकीन तिची जोडीदारीण शोधायला जाणार नाही. माझ्या लेबलवर स्वच्छ छापलं होतं, द सिग्नलेट्स, रेल्वे इन्स्टिट्यूट, लोणावळा, आणि खाली तिघींची नावं. खंडाळ्याहून लोणावळा किती लांब आहे? रिक्षात बसलात तर गाणं संपायच्या आत पोचाल म्हणा ना. हा गेला का विचारायला? छे! यानं पांढरा गोल कागद कापला, डिंक लावला, माझ्यावर दाबून बसवला आणि त्यावर लिहिलं, 'द नैरोबी डव्ह्ज'.

गोष्ट पण रचली. आफ्रिकेत रेल्वे बांधायला गेलेल्या मराठी लोकांच्या नाती, नैरोबीच्या क्लबात गायच्या, असलं काहीबाही. पुण्यामुंबईची माणसं ऐकून गहिवरायची. रेणुका 'न्हाई' म्हणाली की एकमेकांना हळूच सांगायची, "हा बघ, आफ्रिकन हेल." अरे, तुझ्या बंगल्याचा माळी याच हेलात बोलतो, तेव्हा तू त्याला नीट बोलायला शिकवतोस!

आणि दुसऱ्या कडव्यातली ती जागा. तिथं मागचा एक आवाज एक टाळी आधीच येतो. त्यावर तर अमृत दहा मिनिटं बोलायचा. "ही नैरोबीची खास लकब. काळाच्या पुढची लय." श्रोते माना डोलवायचे. एकानं वहीत लिहून घेतलं.

याच श्रवणगृहात सारिका कामाला लागली, काउंटरवर. तिसऱ्या रविवारी अमृतनं मला लावलं आणि पोरीच्या हातातला कप निसटला.

"सर, हे गाणं माझी आजी म्हणते," गिऱ्हाइकं गेल्यावर ती म्हणाली.

अमृतचा चेहरा उतरला. "सारिका, गाणी एकमेकांसारखी वाटतात. आणि हा विषय गेस्टसमोर नको. ओके?"

ती कप विसळायला लागली, पण तिनं ऐकून ठेवलं की पुढच्या रविवारी दुपारी मुंबईहून निलेश नावाचा व्यापारी येणार आहे आणि मला घेऊन जाणार आहे. लंडनच्या कुणा शौकिनासाठी. एकदा गेले असते तर रेणुकाचं नाव त्या कागदाखाली कायमचं गाडलं गेलं असतं. सारिकानं घरी जाऊन आजीला सांगितलं. शकुबाई त्या दिवशी जेवली नाही म्हणे.

रविवारी दुपारी ती आली. सत्तरीची बाई, पांढरं लुगडं, जाड भिंगांचा चष्मा. चपला बाहेर काढून, पदर सावरून कोपऱ्यात बसली. अमृतला वाटलं सारिकाची आजी बंगला बघायला आलीय. "या आजी, बसा. कॉफी घेणार?" फार गोड. निलेशला घ्यायच्या आधी एकदा ऐकायचं होतं. मोबाईल टोपलीत गेले. सुई माझ्यावर टेकली.

पन्नास वर्षांत शकुबाईनं मला पहिल्यांदा ऐकलं. पहिली ओळ आली, थोरलीची, आणि म्हातारी रडायला लागली. लपवून नाही, मोठ्यानं. दोघातिघांनी वळून नापसंतीनं बघितलं. मग मागच्या दोघींची पाळी आली, आणि शकुबाई गायला लागली. आवाज फाटलेला, दम पुरत नव्हता, पण ओळन्‌ओळ ठिकाणावर. दुसऱ्या कडव्यात ती आली, एक टाळी आधी. बरोबर तिथंच. माझ्यातली अठरा वर्षांची शकू आणि समोरची सत्तर वर्षांची शकुबाई, दोघी एकदम चुकल्या.

गाणं संपलं आणि ती रडता रडता हसली. "हितंच चुकलीती मी. थोरलीनं असं डोळं वटारलंतं! पुन्यांदा घ्यायला टेप नव्हती."

सुई शेवटच्या रेघेत खरखरत होती. वहीत लकब लिहून घेणारा त्या दिवशीही आला होता. तो वही मिटून खिशात घालत होता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

"आजींनी सारिकाकडून ऐकलं असेल," अमृत म्हणाला. त्याचं त्यालाच पटलं नाही.

निलेश हुशार माणूस. त्यानं सगळं ओळखलं आणि खांदे उडवले. "तिकडे ती नैरोबी म्हणूनच माहीत झालीय. आता नाव बदललं तर नुसता घोळ होईल. राहू दे तसंच."

शकुबाई उठून यंत्राजवळ आली. "त्यो कागुद काढा."

"निघत नाही तो, आजी."

"वाफंवर निगल. खालचं लेबल अंगात बसलेलं हाय, त्याला काय हुत न्हाई. वरचा नुसता डिंक हाय."

आता अमृतनं आपलं शेवटचं हत्यार काढलं. मवाळ आवाजात म्हणाला, "आजी, वाफ लागली की ही वाकडी होते. मग पुन्हा कधीच वाजणार नाही. तुमच्या बहिणीचा आवाज कायमचा गेला. चालेल तुम्हाला?"

ऐकलंत? 'तुमच्या बहिणीचा'. बोलून गेला, आणि बोलल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

शकुबाई खाली बसली. खरं सांगते, मी तेव्हा घाबरले. माझ्या जिवासाठीही घाबरले, उगाच सोज्वळपणा कशाला. रेणुकाचा आवाज जगात फक्त माझ्यापाशी उरला होता. बाकीच्या नव्व्याण्णव जणींचं काय झालं, कुणाला माहीत. आणि नाव त्या कागदाखाली. म्हातारीला दोन्ही हवं होतं, आणि या दोन सभ्य पुरुषांनी तिला एकच घे म्हणून सांगितलं होतं.

"आनखी एकदा लावा," ती म्हणाली.

अमृतला वाटलं, जिंकलो. मोठ्या उदारपणानं त्यानं सुई पुन्हा ठेवली. या खेपेला ती गायली नाही. पहिल्या टाळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत तिनं थोरलीला नुसतं ऐकलं. लोकांनी टोपलीतले मोबाईल उचलले, निलेश पाकीट शोधायला लागला, आणि शकुबाईनं मला दोन्ही हातांनी उचललं. हातमोजे न घालता. सरळ काउंटरवर गेली. तिथं सारिकाचं चहाचं आधण उकळत होतं.

"अहो आजी! ओ आजी!" अमृत धावला. सारिका मध्ये उभी राहिली. पाच मोबाईल वर झाले होते. सत्तर वर्षांच्या बाईच्या हातातून काही हिसकावताना आपण कसे दिसू, याचा हिशोब त्यानं केला, आणि तो थांबला. चार लोकांत इज्जतीला जपणारा माणूस असाच थांबतो.

"तीस वर्सं लेबलं लावली मी," शकुबाई वाफेवर मला फिरवत म्हणाली. "चुकीचं लागलं तर काढायचं बी मीच. खोकं फाटलं न्हाई कंदी."

वाफ लागली. माझी कड सैल झाली, रेघा ढिल्या पडल्या, अंगात गाणं हललं. दुखलं मला. ते सांगायची लाज कशाला? शकुबाईनं नखानं कागदाचं एक टोक उचललं आणि सावकाश, न फाडता, नैरोबी सोलून काढली. खालचं लेबल जसंच्या तसं होतं. तिच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

"सारे, वाच," ती म्हणाली. "मला वाचायचं न्हाई. मी शबुद दिलाय."

सारिकानं वाचलं. "द सिग्नलेट्स. रेल्वे इन्स्टिट्यूट, लोणावळा. रेणुका ओव्हाळ. शकुंतला ओव्हाळ. ज्योत्स्ना..." आणि ती थांबली. "आजी, थोरलीचं नाव रेणुका होतं?"

चोवीस वर्षांची नात, आजीच्या बहिणीचं नाव तिला तेव्हा कळलं.

"पयलं नाव आनखी एकदा वाच," शकुबाई म्हणाली.

सारिकानं वाचलं. मग कुणी न सांगता पुन्हा वाचलं.

निलेश निघून गेला. वाकड्या तबकडीला लंडनमध्ये कोण विचारतो? अमृतनं मला काउंटरवर उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "भंगार झाली. घेऊन जा." शकुबाईनं मला पदरात गुंडाळलं आणि पाचच्या लोकलनं आम्ही घोरावाडीला आलो.

गंमत पुढे झाली. त्या पाच मोबाईलांतून कागद सोलतानाची चित्रफीत जगभर गेली. गाणं कुणाकडे नाही, तमाशा सगळ्यांकडे. आता लोणावळ्याच्या जुन्या क्वार्टरमध्ये शौकीन दारोदार फिरतात, 'तुमच्याकडे सिग्नलेट्सची रेकॉर्ड आहे का?' काही घोरावाडीपर्यंत येतात. शकुबाईचे पाय धरतात, तिला 'लेजंड' म्हणतात. तिची सून विचारते, लेजंड म्हणजे काय? शकुबाई म्हणते, "काय म्हाईत. तीस वर्सं लोकलनं गेली तवा कुनी म्हनलं न्हाई." पण एक नियम तिनं केलाय. आधी लेबल मोठ्यानं वाचायचं, मगच चहा. अमृतसुद्धा येऊन गेला, दुसरी प्रत कुठे असेल विचारायला. उंबऱ्यात उभं राहून त्यालाही वाचावं लागलं. घसा खाकरून वाचलं त्यानं.

आता मी घरातल्या फडताळात असते. कडेनं पापडासारखी उचलले गेलेय. सारिकानं कुठूनसं एक यंत्र आणून बघितलं. सुई दोनदा उडाली, तिसऱ्यांदा बाजूला जाऊन पडली. पोर रडली. मी आता गाणार नाही.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. अशी एखादी विसरलेली तबकडी हाताला लागली, इथली असो, अमेरिकेतली असो, तर तिला गुण लावायच्या आधी तिच्यावरची नावं वाचा. मोठ्यानं वाचा. त्या पोरींनी गाण्यासाठी काय मोजलं ते तुम्हाला ठाऊक नाही, तेवढं तरी करा. आणि जमत नसेल तर माझ्या बहिणींवर चहाचे ग्लास ठेवा, ते परवडलं.

एवढं सांगते आणि गप्प बसते. गेल्या आठवड्यात एका सकाळी घरात कुणी नव्हतं. शकुबाईनं मला फडताळातून काढलं, मांडीवर घेतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. मग चष्मा पुसला आणि नावावर बोट ठेवलं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"आबा, मापी करा," ती म्हणाली.

आणि मग हाक मारावी तशी, मोठ्यानं म्हणाली, "रेणुका! अगं रेणुके! मी शकू बोलती."